निळी डुकरीण

दर मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी सुलेखा पांढरीपांडे हातातल्या बांगड्या काढून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायची. नखं आदल्या रात्रीच कापलेली असायची. मग गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून ती निघायची. शिकागोजवळ नेपरव्हिलमध्ये माझी मुलगी रुचा राहायची त्याच जिन्यावर, समोरच्या दारात हे कुटुंब होतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी दरवर्षी काही महिने रुचाकडे जात असे, म्हणून सुलेखाचं जाणं-येणं रोज डोळ्यांसमोर असायचं.

"बांगड्या कशाला गं काढतेस?" मी एकदा विचारलं.

"वस्तूंना लागतात, काकू. एक टिचकी बसली तरी अडीच हजार वर्षं गेली."

ती एका लहान कॉलेजच्या संग्रहालयात जायची. संग्रहालय म्हणजे ग्रंथालयाच्या तळघरातल्या दोन खोल्या. कोणा दंतवैद्याने मरताना आपलं एक कपाट कॉलेजला दिलं होतं आणि त्यात इजिप्तचे एकशे एक्केचाळीस ताईत होते. सगळे प्राण्यांचे. सगळे बोटाच्या पेराएवढे, फार तर दोन पेरांएवढे. त्यांची नोंद करायची, मोजमाप घ्यायचं, शाईने ठिपक्याठिपक्यांनी चित्र काढायचं, हे काम सुलेखा चार वर्षं करत होती. पगाराशिवाय.

पगार मिळत नव्हता असं नाही, घेता येत नव्हता. २००१च्या ऑक्टोबरात लग्न होऊन ती अतुलबरोबर इकडे शॉमबर्गला आली तेव्हा तिच्या पासपोर्टवर नवऱ्याच्या आधाराने राहणाऱ्या बाईचा व्हिसा होता आणि त्यावर नोकरीला बंदी होती. त्याआधी नागपूरला ती प्राचीन इतिहासात एम.ए. झाली होती, विद्यापीठात पहिली आली होती, दोन हिवाळे उत्खननावर तंबूत राहिली होती. इथे आल्यावर पहिलं वर्ष तिने खिडकीतून पार्किंग लॉट बघण्यात काढलं. दुसऱ्या वर्षी केया झाली. अतुलची नोकरी बदलली, घर नेपरव्हिलला आलं. केया सव्वा वर्षाची झाल्यावर तिला रुचाकडे ठेवून सुलेखा त्या तळघरात गेली आणि म्हणाली, मला काहीही काम द्या, फक्त पैसे देऊ नका. तिथल्या मिसेस नोवाकना हे विचित्र वाटलं असणार. पण त्यांनी तिला एक भिंग दिलं आणि एक ट्रे समोर ठेवला.

मी एकदा ते ताईत पाहिले. मांजर, बेडूक, बगळ्यासारखा आयबिस, मगर, ससा, एक चिचुंद्री, आणि दोन पायांवर उभी असलेली गरोदर पाणघोडी. सगळ्यांच्या पाठीवर दोरा ओवायला बारीक कडी. रंग निळा-हिरवा, मोराच्या मानेतला. मी म्हटलं, चिनी मातीचे छान आहेत. सुलेखा हसली नाही. शाळेत मी मुलांना जसं समजावत असे तसं तिने मला समजावलं.

"माती नाहीच यात, काकू. पांढऱ्या गारेची पूड, थोडा चुना आणि खार. रंगाला तांबं. ओलं असताना आकार द्यायचा आणि वाळत ठेवायचं. जुन्या भिंतीला लोणा फुटतो ना, तसा आतला खार आपोआप बाहेर येतो. भाजलं की त्याचीच काच होते. वरून काही लावायचंच नाही. याला फायान्स म्हणतात."

"कोण घालायचं हे?"

"बायका, पोरं, मेलेली माणसं. ज्याला ज्याची भीती त्याने त्याचा प्राणी घ्यायचा." तिने बेडूक तळहातावर घेतला. "हा बाळंतपणासाठी. केयाच्या वेळी मला माहीत नव्हता."

त्या तळघरात ती वेगळी दिसायची. घरी थोडी वाकून चालणारी बाई, तिथे ताठ बसायची. मिसेस नोवाक तिला 'सुलेका' म्हणायच्या आणि कोणी अभ्यासक काही विचारायला आला की म्हणायच्या, "मला नाही, तिला विचारा."

ग्रीन कार्डाचा अर्ज अतुलच्या कंपनीने केव्हाच केला होता, पण कोणाचे कागद कधी घेणार त्या तारखांची रांग हलत नव्हती. २००७च्या जुलैत सगळ्यांच्या तारखा एकदम खुल्या होणार असं जाहीर झालं. महिना उजाडताच त्या बंद झाल्या, आणि पंधरा दिवसांनी परत उघडल्या. आपल्या लोकांच्या घराघरांत धावपळ उडाली. लसींचे दाखले, फोटो, जन्माचे दाखले. सुलेखाच्या जन्मदाखल्यासाठी तिच्या भावाने नागपूर महानगरपालिकेत आठ खेपा घातल्या. ऑगस्टमध्ये कागद गेले. आता तीन महिन्यांत कामाचा परवाना, म्हणजे ते छोटं कार्ड, टपालाने यायचं होतं.

मिसेस नोवाकनी तिला बोलावून सांगितलं, "जानेवारीपासून आठवड्याचे तीन दिवस, कॅटलॉग असिस्टंट. जागा मंजूर करून घेतली आहे. कार्ड दाखव आणि सही कर."

त्या दिवशी सुलेखा आमच्याकडे आली आणि रुचाच्या स्वयंपाकघरात उभी राहून तिने दोन पोळ्या कोरड्याच खाल्ल्या. मग म्हणाली, "काकू, आज पहिल्यांदा भूक लागल्यासारखं वाटलं."

ऑक्टोबरात अतुलचे वडील जगन्नाथराव सहा महिन्यांसाठी आले. वनखात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, विधुर. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत. इकडे काही करण्यासारखं नसल्याने त्यांनी देवपूजा हातात घेतली. देवघर म्हणजे ओट्याच्या वरचं एक कपाट. त्यात गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि डब्याच डब्या. कापराची, गंधाची, अक्षतांची. सून रोज अकराला खाली टपालपेटी बघायला जाते आणि रिकाम्या हाताने येते, हे ते बघत. त्यांचा तिच्यावर फार जीव होता.

"पोरगी पेटी उघडते ना बाई," ते मला खाली अंगणातल्या बाकावर बसल्या बसल्या म्हणाले, "तर मला असं वाटते की आपणच पोस्टमन व्हावं."

नोव्हेंबरात त्या ताईतांचा सचित्र कॅटलॉग छपाईला जायचा होता. एकशे चाळीस चित्रं झाली होती. उरली होती एक निळी डुकरीण. सुलेखाने ती मुद्दाम शेवटी ठेवली होती, कारण ती सगळ्यात अवघड होती. अंगठ्याएवढी डुकरीण आणि तिच्या पोटाखाली सात पिल्लं. मागचा एक पाय आणि एक पिल्लू जुन्या काळातच तुटलेलं. ही आकाशाची देवी, सुलेखा सांगायची, रोज सकाळी आपली पिल्लं म्हणजे चांदण्या गिळते आणि संध्याकाळी परत जन्माला घालते.

थँक्सगिव्हिंगची चार दिवस सुट्टी होती, आणि सोमवारी सकाळी चित्र हवं होतं. संग्रहालयातली वस्तू इमारतीबाहेर न्यायची नाही, हा पहिला नियम. चार वर्षांत सुलेखाने तिथली पेन्सिलसुद्धा घरी आणली नव्हती. सुट्टीच्या आदल्या दिवशी, बुधवारी, मात्र तिने डुकरीण फोमच्या छोट्या डबीत ठेवली, डबी पर्समध्ये घातली आणि ती घरी आली.

"का गं आणलीस?" असं मी तिला नंतर कधीच विचारलं नाही. तिने आपणहून सांगितलं. "जानेवारीत तर मी तिथलीच होणार होते ना, काकू. मला वाटलं, आत्तापासून झाले."

डबी ठेवायची कुठे? टेबलावर केया, कपाटात केया, पलंगाखालीही केया. पाच वर्षांची पोर. कुठेही हात घालणारी. या घरात हात धुतल्याशिवाय कोणी शिवत नाही अशी एकच जागा होती. सुलेखाने डबी देवघरात, कापराच्या मागे ठेवली. गुरुवारी आणि शुक्रवारी ती काढून, खिडकीशी बसून, तिने चित्र पुरं केलं आणि डबी पुन्हा तिथेच ठेवली.

शनिवारी त्रिपुरी पौर्णिमा होती. सकाळी अण्णा देव घासायला बसले आणि अक्षता संपल्या म्हणून एकेक डबी उघडून पाहू लागले.

साडेदहाच्या सुमाराला ते मला जिन्यात भेटले. टोपी, मफलर, हातमोजे, अगदी जय्यत तयारी.

"काय करून राहिल्या बाई?"

"काही नाही, कचरा टाकायला निघाले."

"एक विचारू का? मूर्ती भंगली असेल तर घरात ठेवतात का हो?"

"ठेवत नाहीत आपल्याकडे," मी म्हटलं. "वाहत्या पाण्यात सोडतात."

"तेच म्हणून राहिलो मी." आणि ते खाली उतरून गेले. कोणती मूर्ती, कोणाची, हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही. वर्गात एखाद्याने बरोबर प्रश्न विचारला की उत्तर देऊन मोकळं व्हायचं, ही चाळीस वर्षांची सवय.

संध्याकाळी सुलेखा दिवा लावायला गेली. डबी जागेवर होती. सहज म्हणून तिने उघडली, तर आत हळदकुंकू लावलेले तांदूळ होते. फोम काढून, डबी धुऊन, पुसून, त्यात अक्षता भरलेल्या.

"अण्णा, यात होतं ते?"

"सोडलं, बेटा." अण्णा सोफ्यावर पाय शेकत बसले होते. "विधिवत सोडलं. फूल वाहिलं, दिवा लावला."

"कुठे?"

"नदीत. पुलाच्या अगदी मधून. काठाला पाणी घोट्याएवढं आहे, तिथे कोणाच्या पायाखाली आलं असतं." सुनेचा चेहरा पाहून ते उठून बसले. "मला कळते, माहेरची होती. म्हणूनच तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नाही म्हटलं असतं. पण वराह अवतार, आणि पाय तुटलेला. असा देवघरात ठेवू नये, पोरी. त्याच्याचमुळे तुझं कार्ड अडून राहिलं."

"आजोबा, दॅट वॉज अ पिगी," केया म्हणाली.

"हो रे राजा. देवच होता तो."

सुलेखाने डबीचं झाकण लावलं. म्हणाली, "पाय गार पडले असतील, मोजे बदला," आणि तिने कुकर लावला.

रविवारी सकाळी सात वाजता आमची बेल वाजली. दारात सुलेखा, मागे अतुल, त्याच्या पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट.

"काकू, तुमच्याकडे पिठाची चाळणी आहे? मोठी."

मी चाळणी दिली तेव्हा तिने सगळं सांगितलं, दारातच, हळू आवाजात.

"सुलेखा, त्यांनी मला विचारलं होतं. मीच सांगितलं, पाण्यात सोडतात म्हणून."

"तुम्ही खरं तेच सांगितलंत," ती म्हणाली. "आपण ठेवत नाहीच."

मी थर्मास घेऊन बरोबर गेले. पुलाखाली नदी रुंद नाही, पण मधे कंबरेएवढं पाणी होतं आणि तळाला गाळ, दगड, कुजलेली पानं. अतुल पाण्यात उतरून बादलीने गाळ काढून द्यायचा आणि सुलेखा काठावर गुडघे टेकून तो चाळायची. उत्खननावर ती हेच करत असे. मूठभर गाळ, पाणी ओतायचं, बोटाने फिरवायचं, पुढची मूठ. हातमोजे तिने काढून टाकले होते; बोटांनाच कळतं म्हणाली. एक सोन्याची पिन सापडली, बाटलीची झाकणं सापडली, कोणाचा तरी काचेचा निळा मणी सापडला आणि त्या मण्यावर आम्ही तिघंही एकदम वाकलो.

कुत्रा घेऊन चाललेला एक म्हातारा थांबला. "अंगठी हरवली?"

"येस, रिंग," अतुल म्हणाला.

बिचारा वीस मिनिटं काठीने पानं उलटत आमच्याबरोबर शोधत राहिला. जाताना म्हणाला, "लग्न टिकलंय ना? मग झालं तर."

अकराच्या सुमाराला बर्फ भुरभुरायला लागलं. अतुलचे ओठ काळे पडले होते. "सुलू, बस यार. निघू या."

"आणखी एक बादली."

आणखी चार बादल्या झाल्या. मग अतुलने तिला उठवलं. गाडीत ती म्हणाली, "साबूत असती तर पाण्यात टिकली असती. पण ती तुटकी आहे ना. तुटलेल्या जागेतून पाणी आत जाणार, आतला सांधा सुटणार. उन्हाळ्यापर्यंत वाळू होईल." हे तिने अगदी सरळ आवाजात सांगितलं, ट्रे समोर असावा तसं. मग तिने चाळणी रुमालाने पुसून मला परत दिली.

तिला खोटं बोलता आलं असतं. सोमवारी चित्र द्यायचं, ट्रेमध्ये एक खाच रिकामी, कोणाच्या कधी लक्षात आलं असतं कोण जाणे. अतुलने तसं सुचवलंही. सोमवारी तिने बांगड्या काढल्या, चित्र कागदात गुंडाळलं आणि ती गेली.

मिसेस नोवाक ओरडल्या नाहीत. ते तिला जास्त कठीण गेलं. त्यांनी आधी चित्र पाहिलं, बराच वेळ, भिंगातून. मग विचारलं, "त्यांनी ती का टाकली?"

"टाकली नाही. आमच्यात देवाची वस्तू तुटली की पाण्याला देतात. कचऱ्यात जाऊ नये म्हणून."

"म्हणजे त्यांनी तिला देवाचा मान दिला."

"हो."

मिसेस नोवाकनी ड्रॉवरमधून फॉर्म काढला. "यावर तीनच चौकोन आहेत, सुलेका. चोरी, नुकसान, हरवणे. मी कशावर खूण करू?"

त्यांनीच 'हरवणे'वर खूण केली. "कोणाच्या हातून, हेही लिहावं लागतं," त्या म्हणाल्या आणि तिचं नाव लिहिलं. स्पेलिंग न विचारता, बरोबर लिहिलं. मग म्हणाल्या, "तू घरी नेली नसतीस तर मी तुझ्यासाठी भांडले असते. आता कशावर भांडू?" सुलेखाने गळ्यातला बिल्ला काढून टेबलावर ठेवला.

मंगळवारी अकरा वाजता कार्ड आलं.

अण्णांनी खाली जाऊन पेटी उघडली होती. पाकीट घेऊन ते जिना चढले, मधे दोनदा थांबले, आणि आमच्या दारावर थाप मारून म्हणाले, "या बाई, या. पाहून घ्या." सुलेखाने पाकीट फोडलं. आत तिचा फोटो असलेलं, खेळायच्या पत्त्याएवढं कार्ड. अण्णांचे डोळे भरून आले. "शनिवारी सोडलं आणि मंगळवारी आलं. आता काय म्हणता? मी म्हटलं नव्हतं?"

सर्दीने घरीच थांबलेल्या अतुलने तोंड उघडलं. सुलेखाने नुसती मान हलवली आणि तो गप्प बसला.

"हो अण्णा," ती म्हणाली.

त्यांनी स्वतः शिरा केला, केळं घालून, प्रसादाचा. वाटी माझ्याही हातात आली. मी खाल्ला. वेलची जास्त झाली होती.

त्यांना कधीच सांगायचं नाही, असं तिने त्याच दिवशी ठरवलं. मी एकदा म्हणाले, "निदान त्यांना कळू दे, गं." ती म्हणाली, "कळून काय होईल? माझं गेलंच आहे. त्यांचंही घालवू?" एप्रिलमध्ये अण्णा नागपूरला परतले तेव्हा सगळ्या नातेवाइकांना सांगायला त्यांच्याजवळ ही एकच मोठी गोष्ट होती.

कॅटलॉग मार्चमध्ये निघाला. एकशे एक्केचाळीस चित्रं, शेवटून चौथं डुकरिणीचं, खाली बारीक अक्षरांत 'मूळ वस्तू उपलब्ध नाही'. चित्रं कोणी काढली ते लिहिलेलं नाही. हरवल्याची नोंद तिच्या नावावर असताना तसं लिहिता आलं नसतं, हे सुलेखालाही पटत होतं. शिकागोतल्या दोन ठिकाणी तिने अर्ज केला. दोघांनीही आधीच्या जागेचं पत्र मागितलं. तिची आधीची जागा एकच. तिने अर्ज मागे घेतले.

२००८च्या शरदात मी शेवटची तिकडे गेले तेव्हा ती एका औषधांच्या दुकानात फोटोच्या काउंटरला लागली होती. आठवड्याचे पाच दिवस. लोक कॅमेऱ्यातले फोटो छापून घ्यायला येत आणि ती पाकिटात घालण्यापूर्वी प्रत्येक फोटो कडेला धरून उजेडात बघत असे, बोट उमटू नये म्हणून. "इतकं कोणी बघत नाही," असं मॅनेजरने तिला दोनदा सांगितलं होतं. तिच्या हातात बांगड्या होत्या. थोडी वाकून चालत होती.

"काही काढतेस का?" मी विचारलं.

"नाही, काकू. कशाचं काढू?"

दर रविवारी नागपूरहून अण्णांचा फोन येतो आणि तो स्पीकरवर ठेवतात. एका रविवारी मी तिथेच बसले होते. गुडघ्याचं झालं, केयाच्या शाळेचं झालं. मग अण्णांनी विचारलं, "नदीकडे जाता की नाही कधी? जात जा. चांगली नदी आहे."

"जातो, अण्णा," सुलेखा म्हणाली. "तेल लावता ना गुडघ्याला?"

अतुल खिडकीबाहेर बघत होता. त्या नोव्हेंबरपासून तो त्या पुलावरून गाडी नेत नाही. स्टेशनला, दुकानात, कुठेही जायचं असलं तरी वळसा घालून दुसऱ्या रस्त्याने जातो. दहा मिनिटं जास्त लागतात. सुलेखा शेजारी बसलेली असते आणि रस्ता का बदलला, हे तिने त्याला कधी विचारलेलं नाही.